शिफारसपत्रातल्या नऊ गोष्टी

आमच्या मॅडम हजेरी घेताना नावं पुकारत नसत. पुकारलं की कुणीही कुणाच्याही नावाला ‘यस मॅडम’ म्हणतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या रजिस्टर घेऊन बाकाबाकांतून फिरत, प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहत आणि पेन्सिलीनं बारीक खूण करत. यात तासातली पहिली पंधरा मिनिटं जात. विभागप्रमुख सर एकदा म्हणाले, “मॅडम, एवढा वेळ कशाला घालवता? पोरं काय खोटं बोलणार आहेत का?” मॅडम म्हणाल्या, “बोलतील का नाही ते मला माहीत नाही, सर. म्हणून तर बघते.”

त्या आम्हाला एमएस्सीला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. विषय गवतं. मुकुंदवाडीत स्टेशनच्या अलीकडे वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन एकट्याच राहायच्या. लग्न का केलं नाही, हे विचारायची छाती आमच्यात एकीलाच होती. तिला मॅडम म्हणाल्या, “दाखवायला आणले होते तीन-चार. पाहिले.” ती मुलगी त्यानंतर बरेच दिवस स्वतःच्या होणाऱ्या नवऱ्याकडे वेगळ्या नजरेनं बघत होती.

‘खातरजमा’ हा त्यांचा आवडता शब्द. लग्नपत्रिका आली आणि नवरा मुलगा कधी पाहिलेला नसला, तर आहेराच्या पाकिटावर त्या फक्त मुलीचं नाव घालून आशीर्वाद लिहीत. कुणाच्या घरी मयत झालं आणि ‘काका देवाघरी गेले’ असं कुणी म्हणालं, तर त्या ‘गेले’ एवढ्यावरच मान हलवत. दारावर येणारी भाजीवाली एकदा म्हणाली, “मेथी सकाळचीच हाय मॅडम, घरच्या शेतातली.” मॅडमनी विचारलं, “कुठं आहे शेत?” ती म्हणाली, करमाडला. रविवारी मॅडम पॅसेंजर पकडून करमाडला उतरल्या आणि विचारत विचारत शेतापर्यंत गेल्या. सोमवारी आम्हाला वर्गात सांगितलं, “शेत आहे. मेथी पण आहे. खातरजमा झाली.” त्यानंतर त्यांनी त्या बाईशी कधी भाव केला नाही आणि दुसऱ्या कुणाची मेथी कधी घेतली नाही. भाजीवाली मात्र पुढे कित्येक महिने शेजारणींना सांगत होती, की कॉलेजातली एक बाई जमीन बघायला आली होती, बहुतेक विकत घ्यायचा विचार असेल.

माझा आणि त्यांचा संबंध आला तो अर्जामुळे.

आमचं घर मूळचं कन्नडकडचं, मेंढपाळाचं. वडील शेंद्र्याच्या एका कंपनीत लागले तेव्हा आम्ही शहरात आलो. चुलते, म्हणजे आप्पा, अजून मेंढरं घेऊन डोंगरानं फिरतात. दरवर्षी कुठल्यातरी डोंगरावर त्यांना बंदी होते. मेंढरं गवत संपवतात, असं सांगणारे वनखात्याचे साहेब येतात. आप्पा म्हणतात, चरलं तर गवत येतं, नाही चरलं तर नुसता पाचोळा साठून मरतं. दोघांपैकी खरं कोण हे मोजून काढायचं, असं एमएस्सीच्या पहिल्या वर्षी माझ्या डोक्यात बसलं. इथं ते मोजायला कुणाला सवड नव्हती. परदेशात मात्र नेमकं हेच काम करणाऱ्या दोन-तीन प्रयोगशाळा मला सापडल्या. त्या पीएच.डी.ला घेतात, फी घेत नाहीत, वर राहण्या-खाण्यापुरता पगार देतात. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “कर अर्ज. नाय झालं तर शेंद्र्याच्या कंपनीत लॅबला जागा हाय म्हणत्यात, तिथं चिकटायचं. आमच्याच्यानं लई दिवस घरात बसवून घ्यायचं होत नाय.” वाईट काहीच म्हणाली नव्हती. पण त्या लॅबमध्ये आलेल्या मालाची पोती तपासतात. तिथं एकदा शिरले की डोंगर संपला, हे मला दिसत होतं.

अर्जाला तीन शिफारसपत्रं लागतात. ती गोपनीय असतात, म्हणजे ज्याच्याबद्दल लिहायची त्यानं ती वाचायची नसतात. आमच्याकडे ती त्यानंच लिहायची असतात.

विभागप्रमुख सरांकडे गेले. ते फाइलीतून मान वर न करता म्हणाले, “ड्राफ्ट करून आण, सही करतो.” दुसरे सर त्यांच्याही पुढचे निघाले. “माझ्या नावानं एक मेल आयडी काढ. त्याच्यावर त्यांची लिंक येईल. तूच अपलोड करून टाक. पासवर्ड तेवढा मला सांगून ठेव.” मी सांगून ठेवला, त्यांनी तो कधी वापरला नाही. सीनियरांकडून चालत आलेली एक फाइल आमच्या बॅचमध्ये फिरत होती, तिच्यात नाव तेवढं बदलायचं. ‘माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात अशी विद्यार्थिनी मी पाहिली नाही’ असं एक वाक्य होतं. दुसऱ्या सरांची नोकरी सात वर्षांची होती. म्हणून मी वीस खोडून सात केलं. माणसात थोडा प्रामाणिकपणा असावा.

तिसरं पत्र गवतांवर काम करणाऱ्या माणसाचंच हवं होतं. मी मॅडमकडे गेले.

“मॅडम, शिफारसपत्र हवं होतं.”

“कशाबद्दल?”

“माझ्याबद्दल.”

मॅडमनी चष्मा वर केला. “तुला मी वर्गात बसलेली पाहिलंय. बसतेस चांगली. तेवढं लिहू का?”

मी म्हटलं, “मॅडम, ड्राफ्ट मी करून आणते, तुम्ही फक्त...”

“तू करून आणलंस तर ते तुझं झालं की. माझं कशाला म्हणायचं? अजून दोन हंगाम माझ्याबरोबर फिर. काही दिसलं तर लिहिते.”

शेवटची तारीख आठ दिवसांवर होती. दोन हंगाम कुठून आणणार? मी त्या आठवड्यात त्यांच्याकडे तीनदा गेले. तिन्ही वेळा त्यांनी शांतपणे तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा बशीत शेंगदाणे पण दिले.

मग मी मॅडमच्या नावानं मेल आयडी काढला. दुसऱ्या सरांचा काढला तसाच काढला. तिथं विचारून काढला होता आणि इथं न विचारता, एवढाच फरक, असं मी स्वतःला सांगितलं. लिंक आली आणि मी बसून पत्र लिहिलं. सीनियरांची फाइल वापरली नाही, मनापासून नवं लिहिलं. ही मुलगी भर उन्हात एकटी डोंगरावर काम करते. साठ जातींची गवतं नुसती पाहून ओळखते. अपयशानं खचत नाही. तिच्यात नेतृत्वगुण आहेत. तिच्या नोंदवह्या स्वच्छ असतात. ती अत्यंत प्रामाणिक आहे. अशा एकूण नऊ गोष्टी झाल्या. शेवटी पुन्हा वाचलं तेव्हा मला त्या मुलीबद्दल आदर वाटला.

दोन महिन्यांनी तिकडच्या विद्यापीठाच्या कचेरीला तो मेल आयडी खटकला. त्यांनी कॉलेजच्या वेबसाइटवरून मॅडमचा खरा पत्ता शोधला आणि पत्र जोडून विचारलं, हे तुमचंच ना? मॅडमनी एका ओळीचं उत्तर पाठवलं, की हे पत्र मी लिहिलेलं नाही. त्याच दिवशी माझा अर्ज बंद झाला. कारण दिलं नव्हतं, पण मला ते कळायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर त्या पत्राची छापील प्रत होती. मी खाली फरशीकडे बघत उभी राहिले. आता प्रमुखांना सांगतील, वडिलांना बोलावतील, एमएस्सीचा निकाल अडवतील, असं सगळं डोक्यात येऊन गेलं.

“हे पत्र आलंय,” मॅडम म्हणाल्या. “माझ्या नावाचं आहे, पण माझं नाही. लिहिणाऱ्याचं इंग्रजी बरं आहे. तुझ्याबद्दल नऊ गोष्टी लिहिल्यात. खऱ्या आहेत का?”

माझ्या तोंडून निघालं, “माहीत नाही, मॅडम.”

“मला पण माहीत नाही. बघू मग.”

त्यांनी पेन्सिल घेतली आणि एकेका वाक्यापुढे आकडे घातले, एक ते नऊ. मग कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, रविवारी सहाच्या गाडीला ये.

इथून पुढचं वर्ष माझं त्या कागदावर गेलं. एमएस्सी संपली होती, सकाळी मी एका शिकवणीत शिकवायचे. उरलेला वेळ मॅडमचा. त्यांनी मला कधी रागावून विचारलं नाही, की टोमणा मारला नाही. मी पण तो विषय काढला नाही. आमच्यात तो कागद नेहमी असायचा आणि तो कुणाचा हे तेवढं कुणी बोलायचं नाही. मला ते सोयीचं होतं.

पहिली गोष्ट, उन्हात एकटीनं काम. मे महिन्यात कन्नडजवळच्या एका उघड्या टेकडीवर मॅडमनी मला सोडलं. स्वतः दूर एका कडुनिंबाखाली चटई टाकून, पाण्याचा जग आणि दुर्बीण घेऊन बसल्या. मला जमिनीवर दोरीच्या चौकटी टाकून त्यांतली गवताची वाळकी बुडखं मोजायची होती. दुपारी एकदा मी दगडाच्या सावलीला दहा मिनिटं टेकले. संध्याकाळी खाली आले तर मॅडम म्हणाल्या, “एक वाजून वीसला बसलीस, दीडला उठलीस. उठलीस हे महत्त्वाचं.” आणि एक नंबरपुढे खूण केली, खाली तारीख घातली.

साठ गवतांची गोष्ट अवघड निघाली. पवन्या, मारवेल, कुसळी ही तर लहानपणापासून पायाखालची. पण मॅडम ओंब्या कापून, नुसतं पान हातात देऊन विचारायच्या. पहिल्या परीक्षेला एकतीस आली. मॅडमनी लिहिलं, ‘अपूर्ण’. साठ व्हायला दिवाळी उलटून गेली. मधल्या काळात रस्त्यानं चालताना माझी नजर सारखी गटाराच्या कडेला असायची. एकदा ओळखीच्या बाईनं आईला विचारलं, “पोरीचं काय हरवलंय का?”

अपयशानं खचत नाही, ही गोष्ट मॅडमना पाहायची होती, पण त्यासाठी आधी अपयश यायला हवं. त्यांनी त्याची वाट पाहिली. पावसाळ्यात मी कॉलेजच्या मागं वाफे करून कुसळीचं बी पेरलं. बारा वाफे, रोज मोजणी. एका सकाळी गेले तर मुंग्यांनी सगळं बी वाहून नेलेलं. मी तिथंच चिखलात बसून मोठ्यानं शिव्या दिल्या. घरच्या शिव्या, आप्पांच्या तोंडच्या. नंतर उठून मुंग्या बी कुठं नेतात ते बघत गेले आणि ते लिहून काढलं. मागं वळून पाहिलं तर मॅडम भिंतीला टेकून उभ्या. “शिव्या दिल्यास, मग काम केलंस,” त्या म्हणाल्या. “खचणं ह्याला म्हणत नाहीत.” इतक्या खुशीत त्यांनी दुसरी कुठलीच खूण केली नाही.

नेतृत्वगुण म्हटल्यावर मात्र त्या अडल्या. “हे कसं दिसतं?”

मी म्हटलं, “म्हणजे लोक आपल्या मागं येतात.”

“मग बघू कोण येतं.”

त्याच आठवड्यात त्या मला घेऊन आप्पांच्या तळावर आल्या. एसटीनं कन्नड, तिथून जीप, शेवटी पायी. आप्पांनी त्यांच्यासाठी घोंगडी अंथरली. मॅडमनी मेंढरं किती म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, “मोजत नाय मी. तोंडं बघतो. एक जरी कमी असलं तरी कळतंय.” मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघ. हजेरी अशी घ्यायची असते.” त्या दिवसापासून त्या दोघांचं जमलं. मॅडमनी आप्पांना पानं दाखवून नावं विचारली आणि आप्पांची प्रत्येक गोष्ट मान्य केली, जे त्या विभागप्रमुखांचं कधी करत नसत.

दुपारी आप्पांनी मला मेंढरं पाण्यावर न्यायला सांगितलं. मी हाळी दिली आणि ओढ्याकडे चालू लागले. सगळा कळप मुकाट माझ्या मागं आला. परत आले तेव्हा मॅडमचा कागद उघडा होता.

“हे धरायचं का, आप्पा?” त्या विचारत होत्या.

आप्पा हसले. “मेंढरं येत्यात वो तिच्या मागं. माणसांचं आपल्याला नाय माहीत.”

मॅडमनी गंभीरपणे लिहिलं, ‘नेतृत्व: मेंढ्यांपुरतं.’ आप्पा जाताना म्हणाले, “मास्तरीणबाई, पोरगी लई हट्टी हाय, एवढं लिव्हा.” मॅडम म्हणाल्या, “ते पाहिलंय. ते कागदावर नाही, तरी लिहीन.”

वर्ष फिरून पुन्हा अर्जाचे दिवस आले तेव्हा आठ खुणा झाल्या होत्या. उरली ती नववी, प्रामाणिकपणाची. ती कशी पाहणार हे मॅडमनी सांगितलं नाही, आणि मी विचारायला जाणं म्हणजे स्वतःहून विहिरीत वाकून बघण्यासारखं होतं.

या खेपेला मी दुसऱ्या विद्यापीठाला अर्ज केला. तिथल्या एक बाई कोरड्या प्रदेशातल्या गवतांवर आणि चराईवर काम करत होत्या. त्यांना मी आधी मेल केली होती, त्यांनी दोन ओळींचं बरं उत्तर दिलं होतं. बाकीच्या दोन्ही सरांना मी या वेळी समोर बसवून त्यांच्याच हातानं लिहायला लावलं. प्रमुख सर पेन हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. म्हणाले, “अगं, मला काय माहीत आहे तुझ्याबद्दल?” मग चार ओळी लिहिल्या. चारही खऱ्या होत्या, म्हणजे त्यांत फार काही नव्हतं.

मॅडमनी दोन दिवस पत्र लिहिलं, आधी कागदावर, मग एका बोटानं टाइप करून. गोपनीय आहे म्हणून मला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभं केलं. अपलोड करताना काहीतरी अडलं तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं, पण पडद्यापुढे आधी पुठ्ठ्याची फाइल आडवी धरली आणि म्हणाल्या, “फक्त खालचं बटण बघ.”

बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. “मॅडम, तुम्ही सगळं लिहिलंत?”

“जे पाहिलं ते सगळं लिहिलं.”

मला जे समजायचं ते समजलं. खोटं पत्र त्यांनी पाहिलं होतं, म्हणजे तेही लिहिलं असणार. त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या कुणाचं पत्र घ्यायचं असतं तर आधीच घेता आलं असतं, असं मनात येऊन गेलं. पण वर्षभर त्या माझ्याबरोबर उन्हात बसल्या होत्या. त्यांचं पत्र टाळणं मला जमलं नसतं, आणि खरं सांगायचं तर आता टाळायला उशीरही झाला होता.

महिन्याभरानं मुलाखत ठरली. व्हिडिओवर, आपल्याकडच्या सकाळी आठ वाजता. आईनं त्या दिवशी कुकर लावला नाही, वडील शिफ्टला जायचे थांबले आणि दाराआड उभे राहिले. पलीकडच्या बाईंचे केस पांढरे, आखूड कापलेले. त्यांनी मुंग्यांबद्दल विचारलं, चौकटींबद्दल विचारलं. मध्येच हसून म्हणाल्या, “तुमच्या मॅडम लिहितात की मेंढ्या तुमच्या मागं येतात, माणसांबद्दल त्या सांगू शकत नाहीत. असं शिफारसपत्र मी आजवर वाचलं नव्हतं.” मीही हसले. चांगलं चाललं होतं.

शेवटी त्यांनी विचारलं, “आणखी काही सांगायचंय का तुम्हाला?”

मला वाटलं, आलं. त्या पत्रातलं वाचून विचारतायत. त्यांनी काढण्याआधी आपणच काढलेलं बरं. मी सांगून टाकलं, की मागच्या वर्षी दुसऱ्या एका विद्यापीठाला अर्ज करताना मी मॅडमच्या नावानं खोटं पत्र लिहिलं होतं आणि ते पकडलं गेलं.

बाईंनी समोरचे कागद चाळले. मग म्हणाल्या, “तुमच्या मॅडमच्या पत्रात असं काही नाही.”

मी त्यांच्या हातातल्या कागदांकडे बघत राहिले.

“हे आता मला समितीपुढं ठेवावं लागेल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगितलं नसतं, तर ठेवावं लागलं नसतं. धन्यवाद.” पडदा बंद झाला.

वडिलांनी दाराआडून विचारलं, “झालं का चांगलं?” मी म्हटलं, झालं.

मला मॅडमचा भयंकर राग आला. सगळं लिहिलं म्हणाल्या आणि लिहिलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी तोंड बंद ठेवलं असतं. माझ्या हातानं माझं वर्ष, आप्पांचा डोंगर, सगळं घालवून बसले होते, आणि ते या बाईच्या तऱ्हेवाईकपणामुळे. तीन आठवडे मी मुकुंदवाडीकडे फिरकले नाही. त्यांनी एकदा फोन केला, मी घेतला नाही. वडिलांनी शेंद्र्याला शब्द टाकला, तिथले साहेब एक तारखेपासून या म्हणाले. आईनं दोन नवीन ड्रेस शिवायला टाकले.

पंचविसाव्या दिवशी मेल आली. मला घेतलं होतं, फीमाफी आणि पगारासकट. खाली एक अट होती. उमेदवारानं मुलाखतीत सांगितलेल्या बाबीवर समितीनं विचार केला आहे. पहिलं वर्षभर उमेदवाराच्या प्रत्येक नोंदीवर, ती घेताना हजर असलेल्या दुसऱ्या माणसाची सही लागेल. मी ती मेल आईला मोठ्यानं वाचून दाखवली. अट ऐकून आई म्हणाली, “म्हंजी तिकडं पण तुझ्या मॅडमच बसल्यात व्हय.” वडील रडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी मी मुकुंदवाडीला गेले. राग निम्मा उरला होता. मॅडम गॅलरीत धान्य निवडत होत्या. मी बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, “मेल दाखव.” पूर्ण वाचली, अटीपाशी थांबल्या. “हे चांगलं केलंय त्यांनी.”

मी म्हटलं, “मॅडम, एक विचारायचंय. तुम्ही पत्रात ते का नाही लिहिलंत?”

“कोणतं?”

“ते... मागच्या वर्षीचं. खोटं पत्र.”

“ते कोणी लिहिलं होतं?”

मला वाटलं, गंमत करतायत. पण त्या कधी गंमत करत नसत. त्या माझ्याकडे बघत होत्या, हजेरी घेताना बघायच्या तशाच.

“मॅडम, तुम्हाला माहीत आहे.”

“मला काय माहीत आहे? माझ्या नावाचं एक पत्र आलं, ते मी पाहिलं. लिहिताना कुणाला पाहिलं नाही. आणि कुणी येऊन मला सांगितलंही नाही.”

मी खाली बसले. वर्षभर मी या बाईंच्या डब्यातली भाकरी खाल्ली होती. त्यांच्या दुर्बिणीसमोर टेकड्या चढले होते. परक्या देशातल्या परक्या बाईला मी दहा मिनिटांत सांगितलं, तिच्या अख्ख्या समितीला कळलं. आणि जिचं नाव वापरलं, तिला मी एकदाही म्हटलं नव्हतं. त्यांना कळलंय ना, मग पुन्हा काय सांगायचं, असं मी धरून चालले होते. त्यांनी माफ केलंय असंही धरलं होतं. माफ करायला आधी त्यांच्याकडे कुणी मागायला तरी यायला हवं होतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती, पत्र पकडलं गेलं त्या दिवशीही नाही.

“मी लिहिलं होतं, मॅडम,” मी म्हटलं. “तुमच्या नावाचा मेल मी काढला. पत्र मी लिहिलं. माझं चुकलं.” आणि एकदा तोंड उघडल्यावर उरलेलंही आलं. “त्या बाईंना मी सांगितलं तेसुद्धा तुम्ही आधीच लिहिलं असेल या भीतीनं. माहीत असतं, तर नसतं सांगितलं.”

मी रडत होते. मॅडमनी मला रडू दिलं. ताटातले दोन-चार खडे काढून बाजूला टाकले. मग आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला आणि त्या तो घडी पडलेला कागद घेऊन बाहेर आल्या. गॅलरीच्या कठड्यावर तो सपाट केला. नऊ नंबरपुढे बारीक खूण केली.

“लई दिवस लावलेस गं,” त्या म्हणाल्या.